डिस्पोजलचा लष्करी ट्रक तापतोय, बॅटरी उतरतेय? आधी काय तपासाल

सैन्याने सेवेतून काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा ट्रक म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तो जबलपूरला १९५९ पासून बनत होता, १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे सर्वात अलीकडचा शक्तिमानही आता तिशीच्या आसपास आहे.

समजा, कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत असा ट्रक उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरला लावला. बाहेर पारा चाळिशीपार, रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी आणि मागे भरलेली टाकी. ट्रक वाटेत उभा राहिला की त्या दिवशी वस्तीला पाणी मिळत नाही. घाईत मग बॅटरी बदलली जाते, रेडिएटर बदलला जातो, आणि बिघाड तसाच राहतो.

गाडी तापते आणि चार्जिंगही होत नाही, अशा दोन्ही तक्रारी एकदम सुरू झाल्या तर आधी फॅन बेल्ट बघा. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा ढिला, चकचकीत किंवा तेलकट झाला की दोन्ही कामं एकदम बसतात. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबा. साधारण बोटभर दबला तर ठीक, त्याहून जास्त दबला तर ताणून घ्या.

आता वीज. लष्करी ट्रकची वायरिंग सहसा २४ व्होल्टची असते, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. इथे एक चूक सर्रास होते: टेप किंवा मोबाईल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून वायर काढायची. मग ती बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. १२ व्होल्ट हवेच असतील तर कन्व्हर्टर लावा. मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. गाडी काही तास उभी असताना प्रत्येकीत १२.६ च्या आसपास हवेत. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून साधारण २७.५ ते २८.५. आकडा २५ वरच अडकला तर चार्जिंग होत नाहीये.

सेल्फ जड फिरतो, पण बॅटऱ्या चांगल्या आहेत? मग अर्थकडे वळा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या आणि वरून रंगाचे थर चढलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. घासून, नट आवळून काम होतं, खर्च जवळजवळ शून्य.

तापमानाच्या काट्यावर लगेच विश्वास ठेवू नका. सेन्सरला अर्थ इंजिनमधून मिळतो. त्याच्या आट्यांवर टेप गुंडाळला की काटा चुकतो. गाडी खरंच तापतेय का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने वरचा होज मोजून कळतं.

तापत असेल तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत दगडासारखा बसतो. रेडिएटरवर हात फिरवा (इंजिन बंद, पंखा थांबलेला, भांडं कोमट). मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. तो उघडून साफ करून घ्या आणि पुढे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. झाकणाचं रबरही बघा. अर्ध्या बारचा दाब धरणारं झाकण असेल तर पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं, दाब सुटला की शंभरच्या आतच.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला गॅरेजमध्ये मिळेल. तो ऐकू नये. काही इंजिनांत त्यामुळे बायपास उघडाच राहतो आणि पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केट गेलंय. गाडी चालवू नका. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका, गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

आणि दुरुस्तीनंतर रंग देणार असाल, तर हिरवा ऑलिव्ह नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे.