बीआरटी म्हणजे काय? नागपुरात ती कुठे बसेल?

नागपुरात मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावायला लागली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत पहिल्या टप्प्याचे दोन्ही मार्ग पूर्ण झाले. एक उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही मिळतात बर्डीला. पण मानेवाड्याहून मानकापूरला जायचं असेल तर? तिथे अजूनही आपली बस, ऑटो किंवा स्वतःची गाडी. अशा प्रवासासाठी जगभर वापरला जाणारा एक पर्याय म्हणजे बीआरटी, म्हणजेच बस रॅपिड ट्रान्झिट. ती नेमकी कशी चालते, ते या लेखात पाहूया.

बीआरटीमध्ये काय काय असतं?

नुसता रंगीत पट्टा मारला की बीआरटी होत नाही. चार गोष्टी एकत्र लागतात:

१. बससाठी वेगळी लेन, शक्यतो रस्त्याच्या मधोमध. कडेला ठेवली तर पार्किंग, ऑटो आणि हातगाड्या तिथे येतातच.
२. बसच्या दाराच्या उंचीचा फलाट, म्हणजे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. म्हातारी माणसं आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.
३. तिकीट स्टेशनवरच. त्यामुळे सगळी दारं एकदम उघडतात आणि बस थांब्यावर कमी वेळ उभी राहते.
४. चौकात बसला प्राधान्य. बस जवळ आली की हिरवा सिग्नल काही सेकंद वाढतो.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी वेगळे मार्ग सुरू केले. कोलंबियातल्या बोगोटाने २००० मध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली.

वेग वाढला की बस आपोआप वाढतात

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला यातलं गणित सगळ्यात जास्त आवडतं. समजा, एक मार्ग जाऊन-येऊन ४० किमी आहे आणि त्यावर १६ बस आहेत. ट्रॅफिकमध्ये ताशी १५ किमी वेग मिळाला तर एक फेरी १६० मिनिटांची, म्हणजे दर १० मिनिटांनी एक बस. वेगळ्या लेनमुळे वेग ताशी २० किमी झाला तर फेरी १२० मिनिटांची. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, पण आता दर साडेसात मिनिटांनी बस! (शेवटच्या थांब्यावरची विश्रांती इथे धरलेली नाही.)

दुसरा मुद्दा नियमितपणाचा. दर २० मिनिटांनी बस वेळेवर आली तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. पण एक बस ट्रॅफिकमध्ये अडकली की पुढच्या थांब्यांवर गर्दी साचते, ती चढायला वेळ लागतो आणि मागची बस तिला गाठते. मग ४० मिनिटांनी दोन बस एकामागोमाग येतात. बसची संख्या तीच, पण सरासरी वाट पाहणं २० मिनिटांवर जातं. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, ही जादाची १० मिनिटं काय असतात ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचे अनुभव

पुणे: डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग झाला. लेन सलग नव्हती आणि इतर वाहनं आत शिरत. २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने सुधारित मार्ग आले, पण पुढे २०२३ मध्ये नगर रस्त्यावरचा काही भाग काढला गेला.

अहमदाबाद: ‘जनमार्ग’ २००९ मध्ये सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध स्टेशन, बसला उजवीकडे दारं.

हुबळी-धारवाड: मला नागपूरकरांसाठी हे उदाहरण सगळ्यात उपयोगी वाटतं. सुमारे २२ किमीचा मार्ग, २०१८ पासून ‘चिगरी’ बस. बीआरटी फक्त महानगरांसाठी नसते, हे यातून दिसतं.

इंदूर: २०१३ पासून चाललेला मार्ग २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काढायला घेतला.

म्हणजे लेन बांधणं हा सोपा भाग. शेजारी गाड्यांची रांग आणि बसची लेन रिकामी, असं चित्र रोज दिसलं की लोक चिडतात. खरं तर दर २ मिनिटांनी ६० प्रवाशांची बस गेली तर त्या ‘रिकाम्या’ लेनमधून तासाला १८०० माणसं जातात. पण त्यासाठी बस खरंच दर २ मिनिटांनी यायला हवी. आधी लेन आणि बस नंतर, असा क्रम ठेवला तर विरोध होणारच.

मग नागपुरात कुठे?

वर्धा रोड, कामठी रोड आणि हिंगणा रोडवर मेट्रो आहेच, तिथे पुन्हा बीआरटी नको. माझ्या मते पहिला विचार इनर रिंग रोडचा व्हावा. छत्रपती चौक आणि ऑटोमोटिव्ह चौक इथे तो मेट्रोला भेटतो, आणि मानेवाडा, दिघोरी, मानकापूरसारखे भाग बर्डीला न जाता एकमेकांशी जोडतो.

सगळं एकदम करायचीही गरज नाही. आधी त्याच मार्गावर बस वाढवा, मग जास्त अडकणाऱ्या चौकांत सिग्नलचं प्राधान्य द्या, आणि शेवटी लेन वेगळी करा. प्रत्येक टप्प्यावर फेरीचा वेळ मोजता येतो. बसमधल्या जीपीएसवरून तो काढणं अवघड नाही. आणि मेट्रोचं तिकीट बसमध्येही चाललं पाहिजे. नाहीतर छत्रपती चौकात उतरलेला माणूस पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभा राहील, आणि दुसऱ्या दिवशी टू-व्हीलर काढेल.