सोरायसिस आहे आणि सकाळी बोटं आखडतात? सांध्यांचा हा आजार तरुणपणीच ओळखा

पहाटे पाचला गोठ्यात जावं, बादली धरून म्हशीच्या सडाला हात घालावा, तर मूठच वळत नाही. अर्धा-पाऊण तास हात कोमट पाण्यात धरले, चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून शेकला, की मग कुठं बोटं मोकळी होतात. दुपारपर्यंत सगळं ठीक. त्यामुळं कुणाला सांगावंसंही वाटत नाही. वय पंचवीस-तीस. या वयात सांधे दुखतात म्हटलं तर घरातली म्हातारी माणसंच हसतात.

पण याच तरुणाच्या कोपरावर, गुडघ्यावर किंवा डोक्यात पांढऱ्या खपल्यांचा जुना चट्टा असेल, तर हे हसण्यावारी नेऊ नका. सोरायसिस झालेल्या काही लोकांना पुढं सांध्यांचा एक वेगळा आजार होतो. डॉक्टर त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. आपण सोरायसिसचा संधिवात म्हणू. तो म्हातारपणाचा आजार नाही. साधारण ३० ते ५० या वयात तो जास्त दिसतो, विशीतही होतो आणि पुरुष-बायका दोघांनाही सारखाच होतो.

कातडीचा आजार सांध्यात कसा?

आधी सोरायसिसबद्दल. आपल्याकडं त्याला कुणी नायटा म्हणतं, कुणी इसब, कुणी तर हळू आवाजात महारोगाचं नाव घेतं. यातलं काहीच खरं नाही. सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही. एका ताटात जेवल्यानं, एक टॉवेल वापरल्यानं, शेजारी झोपल्यानं होत नाही. रोगांशी लढायची जी ताकद अंगात असते, तीच बिघडून स्वतःच्या कातडीवर उलटते. कातडीच्या पेशी फार वेगानं तयार होतात आणि त्यांची खपली साचते. हीच उलटलेली ताकद सांध्यांच्या आतल्या अस्तरावर आणि स्नायूची दोरी जिथं हाडाला चिकटते त्या जागेवर हल्ला करते, तेव्हा सांधा सुजतो.

जगभरातल्या अभ्यासांत सोरायसिसच्या शंभर रुग्णांपैकी साधारण २० ते ३० जणांना सांध्यांचा त्रास आढळतो. भारतातल्या काही अभ्यासांत हे प्रमाण यापेक्षा कमी निघालंय. बहुतेकांना आधी कातडीचा त्रास होतो आणि सांधे काही वर्षांनी, बऱ्याचदा दहाएक वर्षांनी, धरतात. थोड्या लोकांत उलटं होतं. सांधा आधी, चट्टा नंतर. घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला सोरायसिस असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, ते यासाठीच.

कातडीवर चट्टे किती आहेत यावरून सांध्यांचं काही ठरत नाही. अंगभर खपल्या असून सांधे ठणठणीत असलेली माणसं आहेत, आणि कानामागं रुपयाएवढा एकच डाग असून पायाची बोटं वाकडी झालेलीही आहेत. ज्यांच्या नखांत, डोक्यात किंवा ढुंगणाच्या फटीत सोरायसिस आहे, त्यांना सांध्यांचा धोका जास्त असल्याचं दिसून आलंय. या जागा माणूस डॉक्टरला दाखवत नाही. डोक्यातल्या खपल्यांना तर सगळे कोंडाच समजतात. वजन जास्त असेल तरी धोका वाढतो.

दुखणं साधं की हे?

ऊसतोड, खुरपणी, पोती उचलणं, दिवसभर ट्रॅक्टरवर बसणं. आपल्याकडं अंग दुखायला कारणांची काय कमी? म्हणून दुखण्याची वेळ बघायची. कामानं आलेलं दुखणं कामानंतर वाढतं आणि झोप झाली की उतरतं. सूज असलेल्या संधिवाताचं उलटं आहे. पडून राहिलं, बसून राहिलं की सांधे आखडतात आणि चालायला-हलायला लागलं की सुटतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर तो थकवा समजून सोडायचा नाही.

दुसरी खूण बोटांची. हाताचं किंवा पायाचं एकच बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून गाजरासारखं होतं. नुसतं पेर सुजत नाही, अख्खं बोट फुगतं, लाल होतं, चप्पल घालवत नाही. काटा मोडला असेल, विंचू-किडा चावला असेल, युरिक ॲसिड वाढलं असेल असे तर्क होतात आणि आठ-पंधरा दिवसांत सूज उतरली की विषय संपतो. सोरायसिस असलेल्या माणसाचं असं बोट एकदा जरी सुजलं तरी ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

तिसरी खूण टाच, आणि इथं जरा थांबू. गावागावांत पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. टाच दुखायला लागली की अकॅडमीतले सर म्हणतात बूट बदल, मित्र म्हणतात बर्फ लाव, कुणी म्हणतं टाचेचं हाड वाढलंय. बऱ्याचदा ते खरंही असतं, कारण डांबरी रस्त्यावर पळून टाच दुखतेच. पण पळणं पंधरा दिवस बंद ठेवलं तरी सकाळी पहिलं पाऊल टेकवत नाही, टाचेच्या मागं पोटरीची शीर जिथं चिकटते तिथं सूज आहे, आणि त्या पोराच्या डोक्यात खपल्या किंवा नखांत खड्डे आहेत, तर हा बुटाचा दोष नव्हे.

नखं उजेडात धरून बघा. सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे, नख टोकाकडून सुटून वर येणं, पिवळट तपकिरी डाग, नखाखाली भुसा साचणं. लोक याला नखाची बुरशी समजतात आणि महिनोन्‌महिने बुरशीच्या गोळ्या खातात. त्या नखालगतचा शेवटचा सांधा दुखत असेल, तर शंका आणखी पक्की होते.

कंबर आणि मान याबद्दल थोडक्यात. चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त चाललेली, रात्री तीन-चारला झोपमोड करणारी आणि उठून फिरलं की बरी वाटणारी कंबरदुखी तपासून घ्यावी. शिवाय डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर मेडिकलमधून ड्रॉप आणून घालू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडं जा. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते आणि उशीर झाला तर नजरेवर बेततं.

पाच प्रश्न

सोरायसिसच्या रुग्णाला सांध्यांच्या डॉक्टरकडं पाठवायचं का, हे ठरवायला परदेशात डॉक्टर पाच सोपे प्रश्न विचारतात. ते घरीही विचारता येतात. कधी एखादा सांधा सुजला होता का? तुम्हाला संधिवात आहे असं कुठल्या डॉक्टरनं कधी सांगितलंय का? हाताच्या किंवा पायाच्या नखांत खड्डे आहेत का? टाच दुखली आहे का? काही कारण नसताना एखादं बोट पूर्ण सुजून दुखलं होतं का? पाचपैकी तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावं. दोनच ‘हो’ आहेत म्हणून निर्धास्त व्हावं असं मात्र नाही. हे प्रश्न म्हणजे चाळण आहे, निदान डॉक्टरच करतात.

‘आर.ए. निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो असं नाही

तालुक्याला सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. सांधे दुखतात म्हणून रक्त तपासलं, आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला, लॅबवाल्यानं किंवा डॉक्टरनं सांगितलं ‘संधिवात नाही’. माणूस खूश होऊन घरी. पण आर.ए. फॅक्टर ही आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची तपासणी आहे. सोरायसिसच्या संधिवातात ती बहुतेकदा निगेटिव्हच येते. पूर्वी डॉक्टरही या दोन्ही आजारांना एकच समजायचे. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या मोल आणि राइट या दोन डॉक्टरांनी सोरायसिसच्या संधिवाताचे प्रकार वेगळे मांडले. २००६ मध्ये ठरलेल्या कॅस्पर नावाच्या निकषांत तर आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह असण्याला एक गुण आहे. अंगावर सोरायसिस असण्याला दोन, नखांच्या खुणांना एक, बोट सुजण्याला एक. सूज असलेला सांधा, पाठीचा कणा किंवा स्नायूची दोरी आणि वर तीन गुण, की हा आजार धरला जातो. म्हणजे जो रिपोर्ट बघून माणूस घरी बसतो, तोच रिपोर्ट निदानाच्या बाजूनं बोलत असतो.

सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हेही पुष्कळ रुग्णांत नॉर्मल येतात. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये सूज सापडते. युरिक ॲसिड सोरायसिसमध्ये तसंही थोडं वाढलेलं असू शकतं, त्यामुळं गाऊटच्या गोळ्या सुरू होतात. आणि चिकनगुनियाच्या साथीनंतर तर प्रत्येक दुखरा सांधा त्याच्याच नावावर जातो. चिकनगुनियाचं दुखणं खरंच महिनोन्‌महिने राहू शकतं, म्हणून घोळ आणखी वाढतो. डॉक्टर रिपोर्टवर कमी आणि हातापायांवर, नखांवर, कातडीवर जास्त विसंबून हे निदान करतात. म्हणून त्यांना सगळं दिसलं पाहिजे.

आणि तेच होत नाही. कातडीच्या डॉक्टरला माणूस सांधे सांगत नाही, हाडाच्या डॉक्टरला कातडी दाखवत नाही. दोघांच्या फायली वेगळ्या, पिशव्याही वेगळ्या.

कुठं जायचं, काय न्यायचं

या आजाराचे खास डॉक्टर म्हणजे संधिवाततज्ज्ञ, बोर्डावर ‘ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असतं. ते मोठ्या शहरांतच आहेत. त्यामुळं सुरुवात जवळून करा. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग आणि मेडिसिन दोन्ही ओपीडी असतात, तिथं दोन्हीकडं एकाच फेरीत दाखवता येतं. ई-संजीवनीवरून मोबाईलवरही सरकारी डॉक्टरांशी बोलता येतं, पण सुजलेला सांधा दाबून बघावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. महात्मा जोतिराव फुले योजनेत तुमच्या उपचाराचं काही बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

डॉक्टरसमोर पहिलंच वाक्य हे असू द्या: ‘मला सोरायसिस आहे आणि सांधे सकाळी आखडतात.’ किती मिनिटं, किती महिन्यांपासून, तेही सांगा. तुमच्या खिशात मोबाईल आहे, त्याचा उपयोग करा. ज्या दिवशी बोट सुजलं त्याच दिवशी फोटो काढा, चट्ट्यांचा काढा, नखांचा काढा. तारीख फोनमध्ये आपोआप राहते. नंबर लागेपर्यंत सूज उतरली तरी पुरावा राहतो. चालू असलेली सगळी औषधं, मलमं, पुड्या पिशवीत घालून न्या. जुने रिपोर्ट नॉर्मल असले तरी न्या.

उशीर किती चालतो? आयर्लंडमधल्या एका अभ्यासात, ज्यांचं निदान लक्षणं सुरू झाल्यापासून सहा महिन्यांहून उशिरा झालं, त्यांच्या सांध्यांची झीज आणि अडचण जास्त आढळली. हाड एकदा खाल्लं गेलं की औषधानं ते परत भरत नाही.

औषधांबद्दल

आजार पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो, आणि आता त्यासाठी चांगली औषधं आहेत. वेदनाशामक गोळ्या दुखणं कमी करतात, पण सांध्याची झीज त्यांनी थांबत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन अशी औषधं असतात. ती पुरली नाहीत तर ॲडॅलिम्युमॅब, सेक्युकिन्युमॅब अशी बायॉलॉजिक इंजेक्शनं. ती महाग आहेत आणि देण्याआधी अंगात दडलेला टीबी नाही ना, हे तपासावं लागतं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्यानं जीव जाऊ शकतो. बाजाराचा वार ठरवून ठेवा आणि तो चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. फॉलिक ॲसिड सांगितलेल्या दिवशीच घ्या. दारू बंद, आणि रक्ताची व लिव्हरची तपासणी सांगितलेल्या वेळी करायची. गरोदरपणात हे औषध चालत नाही. लग्न ठरत असेल, मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, डॉक्टरांना आधी सांगा. ते औषध बदलून देतात. कुणालाही न सांगता गोळ्या बंद करणारे बरेच असतात, खास करून पोरगी दाखवायच्या महिन्यात.

‘एका सुईत दुखणं गायब’ असं सांगून जे दिलं जातं, आणि नाव-पत्ता नसलेल्या पुड्या मिळतात, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, हे खरं. पण सोरायसिसच्या रुग्णानं पोटातलं स्टेरॉइड घेऊन एकदम सोडलं तर चट्टे अंगभर भडकू शकतात, कधी पूनं भरलेले फोड येऊन दवाखान्यात भरती व्हावं लागतं. मेडिकलमधल्या नायट्याच्या मिश्र मलमांतही स्टेरॉइड असतं. ते लावून चट्टा तात्पुरता पुसला जातो आणि मग सांध्याच्या डॉक्टरला दाखवायला काही उरत नाही. तपासणीला जायचं असेल तर निदान आधीचा फोटो तरी ठेवा.

भरतीची तयारी करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की पळणं सोडायचं का. सूज असेपर्यंत त्या सांध्याला विश्रांती द्यावी लागते. औषध लागू पडलं की हलका व्यायाम, सायकल, पोहणं, मग हळूहळू पळणं, हे डॉक्टरांना विचारून सुरू करता येतं. सांधे हलते ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. गोठ्यातल्या कामालाही हेच लागू. पहाटे धारेला बसण्याआधी हात दहा मिनिटं गरम पाण्यात शेकून बोटं उघड-मीट करावीत. सूज भरात असेल त्या दिवसांत धार दुसऱ्या कुणीतरी काढावी.