म्हैसूरचे पंचावन्न तास: काढून टाकायचं की काढून ठेवायचं?

घरचे व्हिडिओ एडिट करायला बसलं की पहिला प्रश्न पडतो तो हाच: यातलं काय उडवू? बारसं, मुंज, दसऱ्याची मिरवणूक, सगळं मिळून वीस-पंचवीस तासांचं फुटेज साठलेलं असतं आणि घरच्यांना हवी असते वीस मिनिटांची फिल्म. मी म्हैसूरला राहतो. या प्रश्नाचा एक जुना, मोठा आणि जरा चटका लावणारा किस्सा आमच्याच गावात घडलाय. आज तोच सांगतो.

आमच्या विनोबा रोडवर ग्रीन हॉटेल आहे. ही इमारत म्हणजे पूर्वीचा चित्तरंजन महाल, राजघराण्यातल्या मुलींसाठी बांधलेला. 1935 साली रॉबर्ट फ्लॅहर्टी नावाचा अमेरिकन दिग्दर्शक, त्याची पत्नी फ्रान्सेस आणि भाऊ डेव्हिड म्हैसूरला आले, तेव्हा महाराजांनी हा महाल त्यांना वापरायला दिला. लंडनचा निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने त्यांना पाठवलं होतं. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधली तूमाई आणि हत्तींची गोष्ट पडद्यावर आणायची होती. तूमाईच्या भूमिकेसाठी त्यांना इथेच एका माहुताचा मुलगा सापडला, कारापूरचा साबू. त्याच्याबरोबर ऐरावत नावाचा थोरला हत्ती.

फ्लॅहर्टीची पद्धत आपल्या मोबाइलवाल्या मामांसारखीच. आधी शूट करायचं, गोष्ट नंतर फुटेजमध्ये शोधायची! वर्षभराहून अधिक काळात त्याने सुमारे 55 तासांचं चित्रण केलं. 35 मिलिमीटर फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे हे झालं जवळजवळ तीन लाख फूट. सगळं हिशेबात बसावं म्हणून सांगतो: मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट संगणकावर उतरवली की साधारण 13 जीबी होते. त्या मापाने हे सारं आज एक टीबीच्या हार्ड डिस्कवर मावलं असतं, वर जागा उरली असती.

तिकडे कोर्डा अस्वस्थ. पैसा चाललाय, हत्ती सुंदर दिसताहेत, पण गोष्ट कुठाय? अखेर 1936 मध्ये मंडळींना परत बोलावलं. कोर्डाचा भाऊ झोल्टन याने डेनहॅमच्या स्टुडिओत संवादांचे प्रसंग नव्याने घेतले आणि 1937 साली 'एलिफंट बॉय' प्रदर्शित झाला. लांबी जेमतेम 80 मिनिटं, आणि त्यातही डेनहॅमचा वाटा मोठा. व्हेनिसला दिग्दर्शनाचं बक्षीस दोघांना मिळून मिळालं. साबू तर पुढे हॉलिवूडपर्यंत गेला.

मला कोर्डाचा राग येत नाही. त्याला 80 मिनिटांची गोष्ट विकायची होती, गोष्टीत न बसणारं सगळं त्याच्या लेखी फालतूच. पण 1935 च्या म्हैसूरचं 55 तासांचं चित्रण! माझ्यासारख्याला तूमाईपेक्षा मागचा रस्ता, माहुतांची बोली, तेव्हाची झाडं जास्त बघायची आहेत. नको असलेलं फुटेज कुठलं, हे कोण विचारतंय आणि कधी विचारतंय यावर ठरतं.

आता दुसरं टोक बघा. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावून एकेक फ्रेम घेत रोपाची वाढ टिपली होती. 1912 मध्ये ते इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई घरीच अंधारात करायच्या. ज्या घरात फूट न् फूट हाताने भोकलेला, तिथे उगाच कॅमेरा चालू ठेवायची कुणाची छाती होणार? निवड चित्रीकरणाच्या आधीच झालेली असायची. आपल्याला ती नंतर करावी लागते, आणि म्हणून कंटाळा येतो.

मराठीत याला दोन चांगले शब्द आहेत. 'काढून टाकणं' आणि 'काढून ठेवणं'. फिल्ममधून काढलं म्हणजे जगातून टाकलं असं नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर क्लिप कापली तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. गोंधळ होतो तो नंतर, तयार फिल्म एक्स्पोर्ट झाल्यावर 'आता हे कशाला' म्हणून अख्खा फोल्डर उडवला जातो तेव्हा. पुढे एक नाव चुकलं म्हणून प्रोजेक्ट उघडावा, तर सगळ्या क्लिप गायब.

म्हणून मी पहिल्या फेरीत डिलीटला हातच लावत नाही. तारखेप्रमाणे फोल्डर, मग एकदा सगळं बघणं. खिशात चालू राहिलेला कॅमेरा, पायांचं चित्रण, एकाच पोझचे सहा प्रयत्न, हे खुशाल उडवा. पण स्वयंपाकघरातली हलती, अंधुक चार मिनिटं, ज्यात मागे आजीचा आवाज आहे, ती फिल्ममध्ये नका घेऊ. 'बाकी' नावाच्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आणि फाइलच्या नावात माणसांची नावं घाला. ओळखणारं कुणीतरी घरात आहे तोवरच.

सगळंच ठेवावं असं मात्र मी म्हणणार नाही. याच फ्लॅहर्टीने 1916 मध्ये टोरांटोत सिगारेटच्या ठिणगीने स्वतःची 30,000 फूट निगेटिव्ह जाळून घेतली. एक प्रिंट उरली, ती लोकांना दाखवल्यावर त्यालाच ती कंटाळवाणी वाटली. मग तो पुन्हा उत्तरेच्या बर्फात गेला आणि 1922 चा 'नानूक' झाला. पहिली निगेटिव्ह जळाली नसती, तर बहुधा तो तीच कापत बसला असता.

म्हैसूरचं जे पडद्यावर आलं नाही, त्यातलं थोडं फ्रान्सेसच्या पत्रांत राहिलं. ती इथून घरी लिहायची. 1937 सालीच त्यांचं पुस्तक निघालं, 'एलिफंट डान्स'. फिल्म बघाल तेव्हा शेजारी तेही ठेवा. पुढच्या भागात जुन्या व्हीएचएस कॅसेटांना बुरशी लागली असेल तर काय करायचं ते बघू.