इच्छामरणाला विरोध, पण व्हेंटिलेटर काढायला परवानगी? कॅथलिक चर्चची भूमिका काय आहे?

कॅथलिक चर्च इच्छामरण आणि आत्महत्येला मदत, दोन्ही गंभीर पाप मानतं. रुग्णाने स्वतः मागणी केली तरीही. पण शेवटच्या श्वासापर्यंत सगळे उपचार चालू ठेवा, असं चर्च म्हणत नाही. गोंधळ इथेच होतो.

१९५७ मध्ये पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना सांगितलं की, असाधारण उपचार घेण्याचं बंधन रुग्णावर नाही. वेदनाशामकाने आयुष्य थोडं घटलं तरी चालेल, हेतू जीव घेण्याचा नसावा.

खरा पेच नळीने दिल्या जाणाऱ्या अन्नपाण्याचा आहे. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला उपचार नव्हे, तर साधी देखभाल ठरवलं. म्हणजे दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णाचा निरुपयोगी ठरलेला व्हेंटिलेटर काढता येतो, नळी मात्र सहसा नाही. शरीर अन्न स्वीकारेनासं झालं, तर गोष्ट वेगळी.