स्टेशनची सव्वाशे वर्षे: औरंगाबाद ते छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर रेल्वे स्थानक मनमाड-काचीगुडा मार्गावर, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. शहरात मेट्रोची अजून नुसती चर्चाच आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ म्हटलं की तो इथेच आणतो.

1900 साली, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात हे स्थानक सुरू झाले. मराठवाड्यात तेव्हा भीषण दुष्काळ होता. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची ही लाइन मीटर गेजची, आणि मुंबईची ब्रॉडगेज. म्हणून मुंबईला जायचं तर मनमाडला सामान उतरवून गाडी बदला! 1990 च्या दशकात रूळ रुंद झाले, तेव्हा कुठे हा त्रास संपला.

शहराची नावे अनेकदा बदलली. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी गावी शहर वसवले, त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर केले, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले. केंद्राने 24 फेब्रुवारी 2023 रोजी छत्रपती संभाजीनगर या नावाला मंजुरी दिली. नामांतराविरुद्धच्या याचिका मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. तरी स्टेशनचे नाव औरंगाबादच राहिले होते. त्याच्या बदलाची अधिसूचना 15 ऑक्टोबर 2025 ला निघाली. कोडही ‘एडब्ल्यूबी’चा ‘सीपीएसएन’ झाला. तिकीट काढताना घरातल्या मोठ्यांना हे जरूर सांगा.

नामांतराबद्दल मते काहीही असोत, हा रूळ कोणाच्या राजवटीत आला हे मुलांना माहीत असायला हवे. पुस्तकात नसले तरी परिसर सांगतो. जवळच पदमपुरा आहे. हे नाव बिकानेरच्या राजा करणसिंहाचा मुलगा पदमसिंह याचे. करणपुरा खुद्द राजाचा. दोघेही मोगल फौजेतले राजपूत सरदार. शेजारी उस्मानपुरा. शहराच्या आत गेलात तर पाणचक्की आणि बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा.

प्रवाशांचा खरा प्रश्न मात्र एकेरी रुळाचा. समोरून गाडी येणार म्हणून आपली गाडी थांबते आणि उशीर वाढत जातो. परभणीपर्यंतच्या 177 किलोमीटर दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 जुलै 2025 रोजी मंजुरी दिली आहे.