सातबाऱ्यावरचा 'आकार' आणि आपल्या पायाखालची माती

परवा घरातली जुनी ट्रंक आवरताना आजोबांच्या वेळचा सातबाऱ्याचा उतारा सापडला. गाव डोंबिवलीला लागूनच. आता त्या शेतावर सात मजली इमारती आहेत. उताऱ्यावर 'तरी' इतके गुंठे, 'वरकस' इतके गुंठे, पुढे 'आकार' आणि रुपये-आणे. पुतण्याने विचारलं, "काका, आकार म्हणजे जमिनीचा शेप का?"

हसू आलं, पण दोष त्याचा नाही. आपल्यालाही कुणी सांगितलं नाही. आकार म्हणजे शेतसारा. आणि तो ठरवायला कुणीतरी खरोखर आपल्या शेतात खड्डे खणून माती पाहिली होती.

गोष्ट पुणे जिल्ह्यापासून सुरू होते. इंग्रजी राज्य आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने 1828 च्या सुमारास प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून सारा ठरवायचा घाट घातला. कागदावर हिशेब झकास, पण प्रत्यक्षात सारा इतका जड झाला की लोक जमिनी टाकून गेले. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरला नव्याने सुरुवात केली. उत्पन्नाचा आकडा शोधायचा नादच सोडला. एवढंच बघायचं ठरलं, की ही जमीन त्या जमिनीपेक्षा किती आणे चांगली?

1847 च्या अहवालात ही पद्धत पक्की झाली. जमिनीचे नऊ वर्ग. पावणेदोन हात खोल, एकजीव काळी माती म्हणजे सोळा आणे. तिथून चौदा, बारा असं उतरत शेवटचा वर्ग दोन आण्यांचा. लाल किंवा भरड माती तेवढ्याच खोलीला खालच्या वर्गात. शिवाय दोष मोजायचे. चुनखडी, वाळू, उतार, वाहत्या पाण्याचा मारा, साचून राहणारं पाणी. एका दोषाला एक वर्ग खाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही मोजणी आपल्या ठाणे जिल्ह्यात आली. इथे भाताचं राज्य, म्हणून मातीबरोबर पाणीही बघावं लागलं. भाताची ती तरी, माळावरची नाचणी-वरीची ती वरकस. खाडीकाठची खारी जमीन आणि आतली गोडी जमीन वेगळी धरली. हे काही शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हतं, सारा वसूल करायचा होता. पण त्या निमित्ताने पाणी कुठे थांबतं आणि माती किती खोल आहे, याची शेतागणिक नोंद झाली.

(दुष्काळाच्या बातमीत ऐकतो ती 'पैसेवारी' वेगळी. ती त्या वर्षीच्या पिकाची. ही प्रतवारी मातीची.)

आता मुद्द्यावर येतो. भाताला चांगली जमीन म्हणजे सखल, पाणी धरणारी. आणि आपण इमारती नेमक्या तिथेच बांधल्या. जमीन एन.ए. झाली की तरी, वरकस हे शब्द कागदावरून जातात आणि उरतात चौरस फूट. पाणी मात्र कागद वाचत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीने कल्याण-बदलापूर बुडवलं. एवढ्या पावसात कुठलंही शहर बुडेल, मान्य. पण दिवा पट्ट्यात साध्या पावसातही घरात पाणी शिरतं, त्याचं काय? आमच्या आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, "अरे, तिथे आवणी करायचो आम्ही. पाणी नाही भरणार तर काय?"

27 गावं पालिकेतून 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये परत आत घेतली. हद्दीवरून केवढी भांडणं झाली! त्या हद्दीतल्या मातीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझं म्हणणं साधं आहे. विकास आराखड्याचा नकाशा पसरला की शेजारी भूमी अभिलेखातला आकारबंद आणि प्रतवारीची जुनी दप्तरंही उघडा. तरी जमिनीवर बांधायचंच असेल, तर निदान नाला आणि पाण्याची वाट आधी आखा.

आणि तुमच्या घरातही अशी एखादी ट्रंक असेलच. उतारा काढा, 'तरी' लिहिलंय का बघा, आणि कमेंटमध्ये सांगा: त्या जागी आज काय उभं आहे, आणि पावसात पाणी कुठवर येतं?