देवाची वाट आणि माणसांची वाट: कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास



आजचा विषय ऐकायला कीर्तनाचा वाटेल. देवानं शब्द दिला आहे, आपण प्रार्थना केली आहे, आणि ती पुरी व्हायची आहे. मधल्या काळात माणसानं काय करायचं? आम्ही इतिहासाचे अभ्यासक. त्यामुळे उपदेश करण्यापेक्षा एक उदाहरण तुमच्यापुढे ठेवणार आहोत. ते एका माणसाचं नसून एका समाजाचं आहे, आणि तेही आपल्याच मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या समाजाचं. बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना ते ‘शनिवार तेली’ म्हणून माहीत होते. तेल गाळायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. आडनावं पाहिलीत तर दिवेकर, केहीमकर, पेणकर, अष्टमकर, रोहेकर. गाव सांगावं आणि पुढे ‘कर’ लावावा, ही आपलीच रीत.

त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. हे नेमकं कुठल्या शतकातलं, यावर विद्वानांची मतं निरनिराळी आहेत. त्यात आज शिरायला नको. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली, धर्मगुरू कोणी नाही. उरलं काय? मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा हा नियम, आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. देव एक आहे एवढं सांगणारी. लग्न असो, सुंता असो, नवस असो, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा.

आता बघा, ज्या देवाच्या वचनांवर हा समाज जगत होता, ती वचनं त्याच्या हातात कागदावरही नव्हती. तरी बरेच सण टिकून राहिले. आणि सणांची नावं किती घरची! वर्षारंभाला ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपास करून घरात बसायचं. आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास. कोकणात त्याचं नाव झालं ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपास सोडायला वालाचं बिरडं.

आणि या सगळ्यांत मोठी जागा एलियाहू हानबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची. बायबलमध्ये तो अग्निरथातून स्वर्गात गेला आणि पुढे देवाच्या मोठ्या दिवसाआधी परत येणार, असं वचन आहे. बेने इस्राएलांची श्रद्धा अशी, की तो अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला येऊन गेला, आणि त्याच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत. त्याच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. नवस बोलताना मलिद्याचा शब्द द्यायचा, आणि नवस फिटला की मलिदा करायचा. म्हणजे जो अजून यायचा आहे, त्याच्या नावानं घरातली आजची आनंदाची गोष्ट साजरी करायची. वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं, असा अर्थ या घरांनी कधी लावला नाही.

याचं एक ठळक उदाहरण मुंबईत आहे. सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, घरचं नाव सामाजी हसाजी, हा कंपनी सरकारच्या फौजेतला अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या कैदेत पडला. समाजात सांगतात, की त्यानं नवस केला: सुटलो तर मुंबईत प्रार्थनास्थळ बांधीन. तो सुटला, आणि १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग उभं राहिलं. त्याचं नाव ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचं दार. आजूबाजूचे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं बरेच जण सांगतात. दिवेकर पुढे तोऱ्याच्या, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राच्या, गुंडाळ्या आणायला कोचीनला गेला आणि तिथेच वारला. ज्या दारासाठी नवस केला ते त्याला पाहायला मिळालं. त्या दारात जे ठेवायचं होतं ते आणण्याच्या वाटेवर तो गेला. प्रार्थना फळली, पण सगळी त्याच्या डोळ्यांदेखत नाही. आमच्या मते विश्वासाचा अर्थ समजायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

एकोणिसाव्या शतकात त्या समाजाला त्याची वचनं अक्षरांत मिळाली, आणि मिळाली ती मिशनऱ्यांच्या हातून. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. बेने इस्राएलांची मुलं मिशनच्या शाळांत शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली. धर्म मात्र बहुतेकांनी बदलला नाही. अक्षर घेतलं, श्रद्धा आपली ठेवली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठीसह निघाली, १८७४ मध्ये पुण्यात सचित्र निघाली. त्या रात्रीचा शेवट पुढच्या वर्षी जेरुसलेमला असू, या इच्छेनं होतो. पेणला, रेवदंड्याला, पनवेलला बसून लोक हे दर वर्षी म्हणत. उद्याच्या भातलावणीची, घाण्याच्या बैलाची चिंता मनात, आणि तोंडी जेरुसलेम.

१८८० च्या सुमारास तर त्यांनी आपली कीर्तनंही उभी केली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं. अब्राहामाला संततीचं वचन मिळालं तेव्हा त्याचं वय पंचाहत्तर, आणि इसहाक झाला तेव्हा शंभर. मधे पंचवीस वर्षं. योसेफानं तुरुंगात प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, सुटल्यावर माझी आठवण ठेव म्हणाला, आणि तो सुटलेला गडी दोन वर्षं विसरून गेला. वाट पाहणाऱ्या समाजाला या आख्यानांची गोडी का लागली असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता आपण १८९७ मध्ये येऊ. त्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे पहिलं झायोनिस्ट अधिवेशन भरलं. यहुद्यांनी आपली भूमी आपल्या प्रयत्नानं मिळवावी, असा त्याचा विचार. मुंबईच्या बेने इस्राएलांनाही बोलावणं आलं. त्यांनी नकार दिला. कारण असं, की परत नेणारा हात देवाचा असेल, आम्ही त्याची वाट पाहतो. याच वर्षी हायम सॅम्युएल केहीमकर यांचं समाजाच्या इतिहासाचं लेखन पुरं झालं. ते छापून निघायला मात्र १९३७ उजाडलं, आणि तेही तेल अवीवला. म्हणजे पुस्तकानंही चाळीस वर्षं वाट पाहिली!

हा नकार भित्रेपणाचा होता असं म्हणणारे आहेत. आम्हाला तसं वाटत नाही. एक तर या समाजाला इथे कोणी छळत नव्हतं; पळून जावं अशी परिस्थिती नव्हती. आणि दुसरं, त्यांच्या मनात एक भेद स्पष्ट होता: देवाचं काम कोणतं आणि आपलं कोणतं. शाळा काढणं आपलं काम. १८७५ मध्ये केहीमकर आणि मंडळींनी मुंबईत शाळा काढली, ती आजही माझगावला सर एली कदुरी शाळा म्हणून आहे. पण वचन पुरं करणं देवाचं काम. तिथे घाई नाही.

१९४८ आलं. इस्राएल राज्य झालं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नुसती इच्छा म्हटली, त्यांच्यापुढे बोटीचं आणि विमानाचं तिकीट आलं. तेव्हा भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पुढच्या काही दशकांत बहुतेक जण निघून गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा नव्या गावांत मराठी ऐकू येऊ लागली. प्रार्थना फळली, गोष्ट संपली, असं वाटेल. तशी ती संपली नाही.

पोचल्यावर रंगावरून, भाषेवरून, कामावरून दुजाभाव झाल्याच्या तक्रारी आल्या. १९५१ मध्ये काही भारतीय यहुदी तेल अवीवला धरणं धरून बसले: आम्हाला परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसं खरोखरच विमानानं भारतात परत आली. त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इस्राएललाच गेले. वचनाच्या भूमीवरून निघून येणं आणि पुन्हा तिच्याकडेच जाणं, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांच्या मनाची ओढाताण आपण समजून घ्यायला हवी.

मोठा प्रश्न लग्नाचा होता. काही रब्बी म्हणू लागले, हे लोक इतकी शतकं एकटे राहिले. यांचे घटस्फोट, यांचे विवाह शास्त्राप्रमाणे झाले का? यांच्याशी सोयरीक चालेल का? १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळानं विवाहाला हरकत नाही असं ठरवलं. पण १९६२ च्या सूचनांत अट आली, की लग्न नोंदवताना आईची, आजीची आणि त्यामागची जमेल तितकी पिढी तपासावी. ज्यांनी सगळे ग्रंथ बुडाल्यावरही शनिवार पाळला, त्यांनी आता कागद दाखवावा!

आणि इथे या समाजानं वाट पाहिली नाही. सभा झाल्या, मोर्चे निघाले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये माणसं धरणं धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेट, म्हणजे तिथली संसद, या प्रश्नासाठी बसली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं भूमिका घेतली, की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीला रब्बीमंडळानं सूचना बदलून त्यांतलं बेने इस्राएलांचं नाव काढलं.

आमचं आजचं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. १८९७ ची माणसं आणि १९६४ ची माणसं यांच्यात विरोध दिसतो. आजोबा म्हणाले थांबू, नातू म्हणाले थांबणार नाही. पण बारकाईनं पाहिलंत तर श्रद्धा एकच आहे. आजोबा देवासाठी थांबले होते. नातवांना थांबवत होती ती माणसं. देवाच्या शब्दाची वाट पाहण्यात माणूस मोठा होतो. माणसानं माणसाला दारात तिष्ठत ठेवलं, आणि ते सोसणं हीच श्रद्धा असं शिकवलं, तर त्यात देव कुठे येतो? हा फरक ज्याला कळत नाही, त्याच्या धीराचा फायदा दुसरेच घेतात.

इतिहास सांगताना एक बाजू झाकून चालत नाही. या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशी फळी होती. ज्यांच्या घरात कधी बाहेरची आई आली, त्या घरांना ‘काळे इस्राएल’ म्हणत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत, प्रार्थनास्थळातल्या मानातही फरक करत. म्हणजे जी चौकशी पुढे जेरुसलेममध्ये यांच्या वाट्याला आली, तिचीच छोटी आवृत्ती कोकणात यांनी आपल्याच माणसांवर केली होती. हे आम्ही दोष काढायला सांगत नाही. जो स्वतः दाराबाहेर उभा आहे त्यानं आपल्या मागेही एकदा पाहावं, कोणी आपली वाट पाहत उभं आहे का, एवढंच.

आज इस्राएलमध्ये हजारो घरांत मलिदा होतो. लग्नाआधी मेंदीची रात्र होते, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. आणि गंमत अशी, की जेरुसलेमला पोचलेली ही माणसं वल्हांडणाच्या रात्री अजूनही तीच इच्छा म्हणतात, आणि एलियाहू हानबीसाठी अजूनही ताट मांडतात. पोचलं तरी वाट पाहणं संपत नाही. ते संपावं अशी त्यांची मागणीही नाही. देवानं एक वचन पुरं केलं की पुढच्याची आशा धरायची, आणि तोवर आपल्या हातातलं काम करत राहायचं, ही त्यांची शतकांची सवय आहे.

तुमच्यापैकी कोणी एखाद्या प्रार्थनेच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर आमच्याकडे त्याला द्यायला मुदत नाही. ती कोणाकडेच नसते. पण एक प्रश्न जरूर स्वतःला विचारून बघा: मी थांबलो आहे तो देवासाठी, की कोणा माणसानं मला थांबवलं आहे? पहिलं असेल तर धीर धरा, सण चुकवू नका, शाळा काढा, दिवेकरासारखं दार बांधा. दुसरं असेल तर उठा आणि बोला.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.